मदत हवी आहे: सोलापूरच्या जुन्या पेठेतल्या गल्ल्यांचे निकष

नमस्कार. गावठाणातल्या एका पेठेच्या नूतनीकरणासाठी फुटपाथ, दिवे, झाडं, पाट्या यांचे निकष लिहितोय. मोठ्या रस्त्यांचं जमलं: आयआरसी १०३ (इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सुविधांची मार्गदर्शिका) प्रमाणे चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी, कर्ब (फुटपाथची उंच कड) १५० मिलिमीटरपेक्षा उंच नाही.

अडलंय ते सहा-सात मीटरच्या गल्ल्यांपाशी. दोन्ही बाजूंना फुटपाथ आखला तर मध्ये जेमतेम एक रिक्षा जाते. एकाच बाजूला धरला तर समोरचे दुकानदार तयार नाहीत. वाडे पाडून रुंदीकरण करायचं नाही. हातगाड्याही हटवायच्या नाहीत. २०१४ चा पथविक्रेता कायदा आहेच, शिवाय पेठ जगते ती त्यांच्यावरच.

म्हणून कर्ब काढून गल्ली एका पातळीत घ्यावी असं मला वाटतं. पण संक्रांतीला सिद्धरामेश्वरांचे सातही नंदीध्वज इथून जातात. त्या उंच काठ्यांना तारा, फांद्या, दिव्यांचे खांब आडवे येता कामा नयेत, आणि मधोमध पक्के बोलार्डही (वाहनं अडवणारे बुटके खांब) चालणार नाहीत. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, त्यामुळे सावली सोडता येत नाही.

अशा सपाट गल्लीत चालणाऱ्यांची, विशेषतः अंध आणि वृद्धांची, पट्टी दुचाक्यांपासून कशी राखायची? आणि मिरवणुकीचा मार्ग मोकळा ठेवून सावलीचा निकष कसा लिहायचा?