३०० एमबीपीएसचं कनेक्शन, ८ ने भागूनही हिशोब जुळत नाही. जाणकारांनी मदत करावी

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात कर्वेनगरात राहते. लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग घरूनच करते. नाशिकचे फोटोग्राफर कच्चं फुटेज क्लाउडवर टाकतात, ते मी इथे उतरवून घेते. एकेका लग्नाचं फुटेज ६० जीबीच्या घरात जातं. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की दिवसभर तेच चालू.

घरी फायबरचं ३०० एमबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला ३०० मेगाबिटचं कनेक्शन आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा भलतीकडेच जाईल. राउटर हॉलमध्ये, कॉम्प्युटर आतल्या खोलीत आणि मध्ये लॅन केबल, म्हणजे वायफायचा संबंध नाही.

डाउनलोड करताना सॉफ्टवेअर ११.२ दाखवतं आणि पुढे सेकंदाला एमबी. ते एमबी पण विचित्र आहे, एम आणि बीच्या मध्ये एक लहान आय आहे. त्या ११.२ च्या वर आकडा जातच नाही. भर दुपारी तोच, रात्री दोन वाजताही तोच. एका लग्नाला दीड तास लागतो.

तक्रार केली तर फोनवरच्या मुलाने "मॅडम, बिट वेगळं, बाईट वेगळं, ८ ने भागा" असं सांगून तिकीट बंद केलं. अरे बाबा, ८ बिटचा १ बाईट हे मला माहीत आहे. ३०० ला ८ ने भागलं की ३७.५ येतात, ११.२ कसे येतील? पुन्हा फोन केला तर "आमच्याकडून लाईन क्लिअर दिसतेय".

तर मधले २६ मेगाबाईट जातात कुठे? आणि त्या लहान आयची काय भानगड आहे? आगाऊ धन्यवाद.

सिंहगडरोडी: प्लॅनवर "३०० पर्यंत" असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ताई. त्या "पर्यंत"मध्येच सगळं आलं.

अर्धवटराव: राउटरच्या शेजारी उभं राहून मोबाईलवर स्पीड टेस्ट करा आणि आकडा इथे टाका. स्पीड टेस्टचा आकडा मेगाबिटमध्ये असतो, तो भागत बसू नका.

धागाकर्ती: केली. मोबाईलवर २८० च्या आसपास येतंय! मग कॉम्प्युटरने काय घोडं मारलंय?

तांबडी_वायर: २८० येतंय म्हणजे कंपनीची लाईन व्यवस्थित आहे, लोचा घरातच आहे. तुमच्या ११.२ वरूनच तो सापडतोय. आधी त्या आयचं बघू.

मध्ये आय असलेलं एकक म्हणजे मेबीबाईट. मेगाबाईट म्हणजे १०,००,००० बाईट, मेबीबाईट म्हणजे १०२४ गुणिले १०२४, म्हणजे १०,४८,५७६ बाईट. पूर्वी दोन्हींना मेगाबाईटच म्हणायचे आणि गोंधळ व्हायचा, म्हणून आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९८ मध्ये १०२४ वाल्यांना वेगळी नावं दिली. विंडोज अजूनही १०२४ ने मोजतं आणि पुढे नुसतं एमबी, जीबी लिहितं. १ टीबीची हार्ड डिस्क लावली की ९३१ जीबी दिसते ती त्यामुळेच, दुकानदाराने फसवलेलं नसतं. नेटच्या स्पीडमधला मेगाबिट मात्र नेहमी १० लाखांचाच.

आता तुमचा आकडा उलटा फिरवा. ११.२ गुणिले १.०४८६ म्हणजे साधारण ११.७४ मेगाबाईट. त्याला ८ ने गुणा. ९४ मेगाबिट.

हा ९४ नेटवर्कवाल्यांच्या चांगलाच ओळखीचा आहे. १०० मेगाबिटचं पोर्ट (केबल खोचायची जागा) पूर्ण भरून वाहायला लागलं की हातात ९४-९५ पडतात. केबलमधून डेटा तुकड्यातुकड्यांनी जातो. एका तुकड्यात जास्तीत जास्त १५०० बाईट, त्यातले निदान ४० पत्ते आणि हिशोब लिहिण्यात जातात. शिवाय तुकड्याच्या मागेपुढे इथरनेटचे स्वतःचे ३८ बाईट. म्हणजे तारेवर १५३८ बाईटची जागा अडते तेव्हा तुमच्या फाईलचे १४६० पोचतात. आंब्याच्या पेटीत पेंढा असतोच, तसंच हे. १४६० भागिले १५३८ करून बघा, ९५ टक्क्यांच्या जवळ येईल.

थोडक्यात, तुमचं कनेक्शन ३०० चं असलं तरी राउटर आणि कॉम्प्युटर यांच्यातली वाट १०० चीच आहे. नेट खरंच स्लो असतं तर आकडा रात्री-दुपारी वरखाली झाला असता. तो एकाच जागी चिकटून बसलाय, म्हणून माझा संशय केबलवर आहे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इथरनेट उघडून लिंक स्पीड काय दिसतो ते सांगा.

सिंहगडरोडी: वा! "पर्यंत" मागे घेतो.

धागाकर्ती: १००/१०० दिसतंय!! पण केबल तर गिगाबिटची, म्हणजे १००० मेगाबिटची आहे असं बसवणारा म्हणाला होता.

तांबडी_वायर: असेलही. लॅन केबलमध्ये ८ तारा असतात, म्हणजे ४ जोड्या. १०० मेगाबिटला त्यातल्या २ जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एखादी तार तुटली किंवा टोकाच्या क्लिपमध्ये नीट बसली नाही की दोन्हीकडची यंत्रं बऱ्याचदा गुपचूप १०० वर उतरतात. एरर येत नाही, लाल दिवा लागत नाही, नेट चालूच राहतं. त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. आधी केबल बदलून बघा. तरी १०० च आलं तर राउटरचं पोर्टच १०० चं असू शकतं, स्वस्त राउटरमध्ये असतात तशी.

अर्धवटराव: तपकीर गल्लीत तयार केबल मिळेल. कॅट ६ घ्या, म्हणजे गिगाबिट चालणाऱ्या दर्जाची, आणि लांबी मोजून जा, नाहीतर दुकानदार "किती मीटर?" विचारतो आणि आपण आढ्याकडे बघतो.

धागाकर्ती: आणली. जुनी काढायला गेले तेव्हा दाराच्या चौकटीपाशी दिसलं, केबल धरून ठेवायची प्लॅस्टिकची क्लिप असते ना, तिचा खिळा थेट केबलच्या अंगातूनच ठोकलाय. वरून रंगाचा हात मारलेला, त्यामुळे दिसत नव्हता. सोलून पाहिलं तर तपकिरी तार पार तुटलेली. आता लिंक स्पीड १०००/१००० आहे आणि डाउनलोड ३३-३४ वर. तांबडी_वायर, तुमचे उपकार कसे फेडू! पण ३७.५ नाहीच ना आले?

तांबडी_वायर: येणार नाहीत. ३७.५ मेगाबाईट म्हणजे ३५.८ मेबीबाईट. त्यातून पेंढ्याचे ५ टक्के काढा, ३४ उरतात. तुम्हाला पूर्ण ३०० मिळताहेत. ६० जीबीला आता अर्धा तास धरा.

जुनं_खोड: उत्तम धागा. एक पुरवणी. ८ ने भागायची सवय लागली की माणूस सगळीकडेच ८ ने भागतो. एसएसडीच्या (चिपवाल्या डिस्कच्या) खोक्यावर साटा ६ जीबीपीएस लिहिलेलं असतं (साटा ही डिस्क जोडायची पद्धत, जीबीपीएस म्हणजे सेकंदाला गिगाबिट), त्याचे ७५० मेगाबाईट होत नाहीत, ६०० च होतात. तिथे ८ बिट पाठवायला तारेवर १० बिट खर्च होतात, म्हणून १० ने भागायचं. यूएसबी ३ च्या ५ जीबीपीएसचंही तसंच, ५०० मेगाबाईट, आणि प्रत्यक्षात त्याहून कमीच.

धागाकर्ती: काका, माझी बाहेरची एसएसडी १० जीबीपीएसवाली आहे. मग १००० धरू का?

जुनं_खोड: नाही, तिथे पद्धत बदलली. १२८ बिटमागे फक्त ४ जादा जातात, म्हणजे कागदावर १२०० च्या थोडं वर. मात्र कॉम्प्युटरचं पोर्टही १० चं हवं, ५ च्या पोर्टात लावलीत तर परत ५०० च्या आतच. केबल कोणती आहे तेही बघा, चार्जिंगची असेल तर बऱ्याचदा यूएसबी २ चाच स्पीड मिळतो.

धागाकर्ती: चार्जिंगचीच आहे. तपकीर गल्लीत परत चक्कर.