जाम झालेले मॅनिफोल्डचे नट: आधी तेल की आधी गॅस?

रामबागकर: वडिलांची १९९६ची मारुती ८००. सकाळी गार इंजिन चालू केलं की फट्फट् आवाज, तापलं की गायब. म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातला धूर गोळा करणारा नळ) गॅस्केट, म्हणजे सांध्यातली पट्टी, गेलंय. नट काही हलत नाहीत. लोहामंडीतला मिस्त्री म्हणतो, "भिया, सीधा गॅस मारो." मी म्हणतो, गॅसची ज्योत अगदी शेवटी. मॅनिफोल्ड ज्याला जोडलेलं असतं ते हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, अ‍ॅल्युमिनियमचं आहे, ते साधारण ६६० अंशांना वितळतं आणि लोखंड लालबुंद व्हायला तेवढंच तापावं लागतं. हात चुकला की एका नटापायी हेड गेलं. तीन रात्री तेल सोडतोय. पटत नसेल तर बोला.

बारानंबरी: नाही पटत. नट गंजून स्टडशी (हेडमध्ये बसलेला आट्यांचा दांडा) एकजीव झालाय, तेल शिरणार कुठून? ज्योत नटावर धरायची, हेडवर कशाला? नट आधी फुगतो, स्टड मागून तापतो. त्या मधल्या वेळात पाना लावायचा. आणि हो, तीन रात्री तेल पाजलेल्या जागी आता ज्योत नेऊ नका, भडका उडेल.

सराफ्यातला: तीस वर्षांची गाडी, करू दे की आवाज!

रामबागकर: आणि धूर आत आला तर? कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. घरचे बसतात त्या गाडीत.

पिथमपूर रिटायर्ड: तुम्ही दोघं भांडताय, पण पाना कोणता लावलाय ते कोणीच सांगत नाही. बारा कोनांचा रिंग पाना गंजक्या नटाचे कोपरे खातो. सहा कोनांची गोटी (सॉकेट) घ्या, हातोडीने ठोकून बसवा. सोडवण्याआधी केसभर आवळा. 'कट्' झालं की गंज तुटला. मग थोडं पुढे, थोडं मागे. नट गरम असताना मेणबत्ती टेकवा, मेण आट्यांत ओढलं जातं. स्टड तुटलाच तर ईझी-आउटच्या (तुटका स्टड काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार) नादी लागू नका. माझा आत मोडला होता. इतका कडक, की साध्या ड्रिलने ओरखडा उठेना. हेड उतरवावं लागलं. तुटक्या टोकावर नट ठेवून आत वेल्डिंग भरायचं, गार झालं की फिरवायचं. त्या उष्णतेनेच गंजाची पकड सुटते.

बारानंबरी: म्हणजे काका, शेवटी उष्णताच!

पिथमपूर रिटायर्ड: हो, पण जिथे हवी तिथेच. मिस्त्री अख्खं हेड शेकतो.

रामबागकर: आज दहा मिनिटं इंजिन चालवलं, बंद करून मेण लावलं, गोटी ठोकली. सगळे सुटले. कोपऱ्यातला तेवढा स्टडसकट बाहेर आला, पण आटे शाबूत. नवे स्टड तांब्याचं ग्रीस लावून बसवतोय. तेल जिंकलं म्हणायचं.

बारानंबरी: इंजिन गरम करून सोडवलेत ना दादा? मग तो गॅसच. फक्त पेट्रोलचा.