जुना डीव्हीडी रायटर नव्या पीसीत बसवावा का? माझं मत : बसवावाच

जुनी पेटी (धागाकर्ता)
गेल्या आठवड्यात नवा पीसी असेंबल करून घेतला. सगळं जोडून झाल्यावर पिशवीतून जुन्या पीसीतला 2010 चा डीव्हीडी रायटर काढून काउंटरवर ठेवला. दुकानदार म्हणाला, "साहेब, हा भंगारात द्या. आता कोणी लावत नाही." मी लावूनच घेतला. पुढून सव्वापाच इंची खण असलेलं कॅबिनेट मिळवायला आधीच तीन दुकानं पालथी घातली होती.

माझं म्हणणं साधं आहे. रायटर चालतोय. साटाचा (आजच्या पीसीतही असलेल्या जोडणीचा) आहे, म्हणजे डेटाची केबल तीच, पॉवरचा कनेक्टर तोच. आजच्या सहा गिगाबिटच्या पोर्टला दीड गिगाबिटचं जुनं उपकरण लावलं तरी पोर्ट आपणहून खालच्या वेगावर येतो. सोळा एक्सने (मूळ वेगाच्या सोळा पटीने) डीव्हीडी वाचताना सेकंदाला जेमतेम 22 एमबी येतात, त्यामुळे बाकीचा पीसी मंदावण्याचा प्रश्नच नाही.

घरात 140 च्या आसपास तबकड्या आहेत. ताईच्या लग्नाच्या (2006) तीन व्हीसीडी, आईच्या भजनी मंडळाची रेकॉर्डिंग, जुन्या डिजिटल कॅमेऱ्याचे फोटो, शिवाय मोझर बेअरच्या 28 रुपयांवाल्या सिनेमा-नाटकांच्या व्हीसीडी. त्या कंपनीच्या लिक्विडेशनचा (गाशा गुंडाळण्याचा) आदेशही 2018 मध्ये निघाला, आणि त्यातली कित्येक नाटकं मला आज कुठल्याच ॲपवर सापडत नाहीत. चालतं उपकरण फेकायचं आणि तबकड्या कपाटात मुक्या ठेवायच्या, हे मला पटत नाही. तुमचं काय मत?

निळी वायर
पूर्ण असहमत. तबकड्या वाचायला हव्यात, पण त्यासाठी रायटर कॅबिनेटच्या आत कशाला? तुम्ही एका जुन्या वस्तूसाठी कॅबिनेटची निवडच आवळून घेतलीत. आज चांगली कॅबिनेटं पुढून पूर्ण जाळीची येतात, तिथे तीन पंखे बसतात आणि ग्राफिक्स कार्डाला थेट हवा लागते. सव्वापाचाचा खण आला की वरची जागा गेली. दुसरं म्हणजे बऱ्याच मदरबोर्डांवर दुसऱ्या एम.2 स्लॉटमध्ये (एसएसडी थेट बोर्डावर बसवायच्या खाचेत) एसएसडी टाकली की एक-दोन साटा पोर्ट बंद पडतात. आधी बोर्डाचं मॅन्युअल बघा, नाहीतर उद्या एसएसडी वाढवाल आणि रायटर दिसेनासा होईल.

रायटर घरात लागायचा तो विंडोज टाकायला आणि सिनेमे बघायला. विंडोज 11 ची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाईल) साध्या 4.7 जीबीच्या डीव्हीडीत मावतच नाही, पेनड्राईव्हच लागतो. विंडोज 8 पासून डीव्हीडी सिनेमा चालवायची सोयही विंडोजमधून गेली, व्हीएलसीसारखा वेगळा प्लेअर टाकावा लागतो. उरलं काय? वर्षातून दोनदा फोटो बघणं. त्यासाठी यूएसबीचा बाहेरचा रायटर घ्या, काम झालं की ड्रॉवरमध्ये ठेवा. तुमचा हा खटाटोप म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

जुनी पेटी (धागाकर्ता)
पोर्टचा मुद्दा मान्य, आज मॅन्युअल काढून बघतो. पण बाहेरचा रायटर आणि हा एकच नव्हेत. बाहेरचे बहुतेक लॅपटॉपच्या जातीचे, पातळ, यूएसबीच्या पाच व्होल्टवर चालणारे. माझ्या रायटरला एसएमपीएसमधून (पीसीच्या पॉवर सप्लायमधून) बारा व्होल्टही मिळतात, मोटर दणकट आहे. खराब तबकडीवर हा फरक जाणवतो असा माझा अनुभव आहे.

शूटिंगवाला
इथे मला बोलायलाच हवं, कारण अशा तबकड्या मीच बनवून दिल्यात. सातारा जिल्ह्यात बारा वर्षं लग्नांचं शूटिंग केलं. एका व्हीसीडीत 80 मिनिटांच्या वर बसत नाही, म्हणून एक लग्न तीन व्हीसीडीत जायचं : पहिलीत साखरपुडा-हळद, दुसरीत लग्न, तिसरीत जेवणाच्या पंगती, पाठवणी आणि वरात. वैशाखात कामाचा ढीग असायचा. पन्नासाच्या थप्पीतल्या स्वस्त कोऱ्या सीडी आणायच्या, 52 एक्सवर भरायच्या, वर नवरा-नवरीच्या फोटोचा स्टिकर चिकटवायचा आणि द्यायची. आज वाटतं, त्या 16 एक्सवर सावकाश भरायला हव्या होत्या. आपल्या हातून लोकांच्या आठवणींवर थोडा अन्याय झाला, हे मान्य करतो.

आता कामाचं. सीडी आतून बाहेर वाचली जाते. भरताना सगळ्यात जास्त चुका कडेला होतात, आणि बोटं, घाम, दमट हवा लागते तीही कडेलाच. म्हणून हळद छान दिसते आणि पाठवणी अडकते. गेल्या दिवाळीत एका जुन्या गिऱ्हाईकाची तिसरी व्हीसीडी आली. पातळ रायटरने अर्ध्यावर मान टाकली. माझ्या जुन्या पूर्ण आकाराच्या रायटरवर वेग आठ एक्सवर आणला, तर पाठवणीपर्यंत पोचलो. मुलगी गाडीच्या काचेतून हात बाहेर काढते, तिथे चित्राचे चौकोन पडतात, पण रडण्याचा आवाज नीट ऐकू येतो. त्या आजी माझ्या दुकानात बसून तेवढाच तुकडा तीनदा बघून गेल्या.

आणि कृपा करून स्टिकर ओरबाडू नका. सीडीचा चमकता थर त्या स्टिकरच्या लगेच खाली असतो, वर नुसता लाखेसारखा लेप. स्टिकर निघाला की लग्नही निघालं. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती थोडी सुरक्षित.

माझं मत धागाकर्त्यांच्या बाजूने.

दर्याकाठ
मी मालवणची. आमच्याकडे चार महिने कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तबकड्यांची काय कथा. माझ्या वडिलांच्या कीर्तनाच्या बारा सीडी होत्या. घरात रायटर होता, चालतही होता, आणि नेमका म्हणूनच मी सहा वर्षं "करू कधीतरी" म्हणत राहिले. गेल्या श्रावणात बाहेर काढल्या तर चार सीडींवर कडेपासून आत पांढरट नक्षी आलेली. उजेडात धरल्या तर आरपार टिपके दिसत होते. त्या चार गेल्या.

म्हणून मी निळी वायर यांच्या बाजूने, पण कारण वेगळं. रायटर आत बसला की माणूस निवांत होतो, आणि तबकडी तुमच्यासाठी थांबत नाही. याच महिन्यात सगळ्या हार्ड डिस्कवर उतरवा, दोन प्रती करा, एक भावाकडे किंवा बहिणीकडे ठेवा. मग रायटर कुणाला तरी देऊन टाका.

पाचवा जंपर
माझा रायटर आयडीईचा आहे, म्हणजे साटाच्या आधीच्या रुंद पट्टीच्या केबलचा. कन्व्हर्टर कार्ड लावून चालेल का?

शूटिंगवाला
कधी चालतो, कधी नाही. मागचा जंपर (पिनांवरची छोटी टोपी) मास्टरवर ठेवून बघा. पण इतका जुना असेल तर सोडून द्या, साटाचा सेकंडहँड सहज मिळतो. आणि मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या पॉवर कनेक्टरवरून) साटाला पॉवर देणारी अखंड साच्यातली स्वस्त केबल लावू नका. तिच्यात आतल्या तारा एकमेकींना टेकून कनेक्टर जळाल्याचे प्रकार झालेत. एसएमपीएसचा स्वतःचा साटा कनेक्टरच वापरा.

निळी वायर
शूटिंगवाले यांचा अनुभव मोलाचा आहे, तरी माझा मुद्दा तिथेच आहे. हा रायटर जुन्या पीसीतच ठेवा, तिथेच तबकड्या उतरवा आणि नवा पीसी मोकळा ठेवा.

जुनी पेटी (धागाकर्ता)
जुन्या पीसीचा बोर्ड गेला, म्हणून तर नवा घेतला.

दर्याकाठ ताई, तुमचा प्रतिसाद वाचून रात्रीच बसलो. ताईची तिसरी व्हीसीडी आधी शेजाऱ्यांकडून आणलेल्या पातळ रायटरवर लावली. विंडोजची कॉपी-पेस्ट पहिल्या खराब जागी थांबली आणि फाईल अर्धवटही ठेवली नाही. मग माझ्या रायटरवर आयसोबस्टर या सॉफ्टवेअरने काढली. ते खराब जागा सोडून पुढे जातं. चाळीस मिनिटं रायटर घरघरत होता. शेवटची दोनेक मिनिटं सोडली तर सगळी वरात आली. बाबा त्यात नाचताना दिसले. ते 2015 मध्ये गेले, त्यांचा नाचतानाचा दुसरा एकही तुकडा आमच्याकडे नाही.

फोटोंच्या डीव्हीडी डीडीरेस्क्यू या सॉफ्टवेअरने काढतोय. काय वाचलं, काय राहिलं याची ते नोंद ठेवतं. एका रायटरने न वाचलेले भाग दुसऱ्या रायटरवर त्याच नोंदीवरून पुन्हा वाचता येतात, म्हणून शेजाऱ्यांचाही रायटर थोडे दिवस ठेवून घेतलाय. आतापर्यंत 23 झाल्या.

निळी वायर
वाचून बरं वाटलं. 140 झाल्या की मग तरी काढणार ना?

जुनी पेटी (धागाकर्ता)
नाही. ताईच्या सासरीही एक डबा भरून आहेत.