'बगर'ला मराठीत काय म्हणाल?

शाईपेन: एका इंग्रजी कथेचं भाषांतर करतेय. यॉर्कशायरमधलं खेडं, मयत उरकून सगळे पबमध्ये बसलेत आणि एक म्हातारा गेलेल्या दोस्ताबद्दल डोळे पुसत म्हणतो, चांगला होता बगर. डिक्शनरीत बघितलं तर 'गुदमैथुन करणारा'! 'बिचारा' लिहिलं तर अगदीच मिळमिळीत. सुचवा काहीतरी.

गिरगावकर: 'भला होता लेकाचा.' विषय संपला.

बोरूबहाद्दर: कसला संपतोय. लेकाचा सोवळा आहे हो, बगरला वास आहे. मूळ शब्द बल्गेरियाचा, लॅटिन बुल्गारुस, त्याचं जुन्या फ्रेंचमध्ये बूग्र झालं. दहाव्या शतकात तिकडे बोगोमिल नावाचा पंथ निघाला, चर्चने त्यांना पाखंडी ठरवलं, आणि पाखंडी म्हटल्यावर नको ते धंदे करतच असणार, अशी ती मळमळ.

तिखटमीठ: ओढूनताणून वाटतं. आमचे मामा रेल्वेत होते, ते म्हणायचे गोऱ्यांनी आपलं 'बिगाड' उचललं. बगर-अप करणं म्हणजे बिघडवणंच की!

बोरूबहाद्दर: मामांना दंडवत, पण आठव्या हेन्रीने १५३३ साली 'बगरी'विरुद्ध कायदा केला, शिक्षा फाशी. कंपनी निघाली १६०० ला. मग बिगाड तिकडे नेला कोणी? आपल्या जुन्या, २०२४ पर्यंतच्या दंड संहितेतलं ३७७ कलम त्याच कायद्याच्या घराण्यातलं, २०१८ ला सुप्रीम कोर्टाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं ते.

वसईवाला: एवढं जड नका करू. आमच्याकडची कॅथलिक पोरं दिवसातून पन्नासदा 'ए बगर' करतात, मी तर कॉलेज संपेपर्यंत ते 'बेगर' म्हणजे भिकारी समजत होतो. पुढे लंडनच्या क्लायंटशी कॉलवर लाडात येऊन बोलून गेलो आणि पलीकडे जी शांतता पसरली ना.

ऑकलंडची सून: इथे कुणी ढुंकून बघत नाही. १९९९ ला टोयोटा हायलक्सची जाहिरात होती, शेतकऱ्याचं एकेक काम फसतं आणि दरवेळी हाच शब्द, शेवटी कुत्रासुद्धा! तक्रारी झाल्या, त्या फेटाळल्या.

शाईपेन: पण मी लिहू काय?

मालवणी मिरची: 'बरो होतो रांडेचो.' आमची आजी लाडाने नातवंडांनाच म्हणायची.

गिरगावकर: छापील पुस्तकात हे? प्रमाण मराठीचा काही मान ठेवा की.

मालवणी मिरची: प्रमाण मराठीत लोक मरत नाहीत का? आणि यॉर्कशायरचा म्हातारा काय सदाशिव पेठेत बसलाय?

तिखटमीठ: शिवी शेवटी आईलाच का लागते पण? बगरमध्ये निदान बाई नाही.

बोरूबहाद्दर: मुद्दा आहे. 'मेला' बघा मग, बायकांच्या तोंडचा गोड शब्द.

वसईवाला: मयताला मेला? 😂

मालवणी मिरची: आणि गिरगावकर, लेकाचा म्हणजे कोणाच्या लेकाचा, ते तरी सांगा.