मदत हवी आहे: टेस्ट नसलेलं ४०० ओळींचं फंक्शन कसं फोडावं?

पायथॉनमधलं बिलाचं फंक्शन आहे. डेटाबेस वाचणं, सवलत, राउंडिंग, शेवटी ईमेल, सगळं एकाच ठिकाणी कोंबलेलं. क्रम ठरलाय: आधी आत्ताचं वागणं, चुकीचं असलं तरी, टेस्टमध्ये जसंच्या तसं पकडायचं; मग एकेक तुकडा बाहेर काढून वेगळं कमिट (बदलाची स्वतंत्र नोंद).

गाडी पहिल्याच पायरीवर अडते. आत थेट आजची तारीख घेतली जाते, म्हणून महिना बदलला की टेस्ट पडते. तारीख पॅरामीटर करता येईल (म्हणजे कॉल करताना बाहेरून द्यायची), पण कॉल करणाऱ्या जागा पुष्कळ आहेत. डिफॉल्ट म्हणून तिथेच आजची तारीख लिहिली तर पायथॉन ती फंक्शन डिफाइन होताना एकदाच काढतो आणि सर्व्हर रीस्टार्ट होईपर्यंत तीच शिळी तारीख वापरतो. म्हणून डिफॉल्ट None (रिकामी किंमत) ठेवून आत तपासणार: तारीख दिली नसेल तर आजची घ्यायची. याहून बरा मार्ग आहे का?

ईमेलचं काय? मॉक करून (खरं ईमेल पाठवण्याऐवजी नकली तुकडा लावून) टेस्ट लिहाव्यात, की टेस्टशिवायच तेवढा भाग आधी कापून बाहेर काढावा? मॉक फार झाले की टेस्ट कोडच्या रचनेलाच चिकटतात, मग फोडाफोडीत उपयोग शून्य.

रकमा फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात आहेत (हो, पैशांसाठी ते चुकीचं, माहीत आहे). पायथॉनचं राउंड फंक्शन २.५ चे २ करतं, ३ नाही. डेसिमलवर (दशांश अचूक ठेवणारा प्रकार) जाताना पैशांचे आकडे हलतील, म्हणून ते शेवटी ठेवलंय. कुणी आधी करून पाहिलंय का?