वाइड-फील्डसाठी छोटी दुर्बीण: ६० की ७२, आणि डोळ्याला-कॅमेऱ्याला एकच चालेल का?

कृत्तिकावेडा

नमस्कार मंडळी. दोन वर्षं झाली १०×५० च्या बायनॉक्युलरने आकाश बघतोय, नक्षत्रं बऱ्यापैकी ओळखीची झालीत, आता दुर्बीण घ्यायचीय. ग्रहांची मला तेवढी ओढ नाही, शनीची कडी बघितली की माझं समाधान होतं. मला पाहिजे ते मोकळं, रुंद आकाश, म्हणजे कृत्तिकांचा अख्खा पुंजका आजूबाजूच्या काळोखासकट एका नजरेत, देवयानी दीर्घिका या टोकापासून त्या टोकापर्यंत, मृगातला बाण आणि त्याच्या खालचा तेजोमेघ एकाच फोटोत, असलं काहीतरी.

अडचण अशी की अंधारी जागा गाठायला शेवटचा टप्पा चालत जावं लागतं, त्यामुळे सगळं सामान पाठीवरच्या सॅकमध्ये मावायला हवं. कॅमेरा आहे, एपीएस-सी सेन्सरचा डीएसएलआर, सोबत साधा फोटोचा ट्रायपॉड. ट्रॅकर नाही, म्हणजे आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र.

आतापर्यंत यादीत हे आलंय: ६० मिमी एफ/६ (फोकल लेंथ भिंगाच्या व्यासाच्या सहापट) ईडी (रंगांची झालर कमी करणाऱ्या खास काचेची), ७२ मिमी ईडी (फोकल लेंथ ४२०), ५१ मिमीची २५० फोकल लेंथवाली पेट्झवाल जिला म्हणे फ्लॅटनर (प्रतिमा सपाट करणारं जोडभिंग) लागत नाही, आणि ९० मिमी मॅकसुटोव्ह, कारण ती सगळ्यात आखूड आहे. हल्ली त्या स्वतःच फोटो काढणाऱ्या स्मार्ट दुर्बिणींबद्दलही वाचतोय. वाचून वाचून डोकं भंजाळलंय. तुम्ही काय घ्याल?

रात्रीचा वाटसरू

मॅकसुटोव्ह आत्ताच्या आत्ता यादीतून काढा. दुर्बीण चांगली असते, चंद्राला-ग्रहांना झकास, पण तिची फोकल लेंथ साधारण १२५० मिमी आणि तुम्हाला पाहिजे त्याच्या ती बरोब्बर उलटी आहे. नळी आखूड दिसते म्हणून फसू नका, प्रकाश आत आरशांवरून दुमडून येतो एवढंच.

हिशोब एकदा हाताने करून बघा म्हणजे कुणाला विचारायला नको. आयपीसच्या आत जी कड असते, फील्ड स्टॉप, तिचा व्यास भागिले दुर्बिणीची फोकल लेंथ गुणिले ५७.३, की आकाशाचे किती अंश दिसणार ते मिळालं. सव्वा इंची आयपीसमध्ये हा व्यास जास्तीत जास्त २७ मिमी, दोन इंचीमध्ये ४६ च्या आसपास. म्हणजे मॅकला सव्वा इंचीत १.२ अंश, ७२ ला ३.७ आणि ६० ला (फोकल लेंथ ३६०) ४.३. आता चंद्र अर्ध्या अंशाचा, कृत्तिका जवळपास २ अंश, देवयानी दीर्घिका ३ अंश. मॅकमध्ये कृत्तिका मावतच नाहीत, सहा-सात ठळक तारे कसेबसे कडेला टेकतात आणि ते सौंदर्यच जातं, कारण पुंजका पुंजका वाटायला त्याच्या भोवती रिकामं आकाश लागतं.

कॅमेऱ्याचं पण तसंच, फक्त फील्ड स्टॉपच्या जागी सेन्सरची लांबी-रुंदी. एपीएस-सी म्हणजे २३.५ × १५.६ मिमी. ४२० ला ३.२ × २.१ अंश, ३६० ला ३.७ × २.५, २५० ला ५.४ × ३.६. स्टेलॅरियममध्ये ऑक्युलर्स नावाचं प्लगइन आहे, त्यात हे आकडे भरले की आकाशावर चौकट दिसते, एक संध्याकाळ त्यात घालवा.

याच हिशोबाने स्मार्ट दुर्बिणीचं उत्तर पण मिळतं. सीस्टार एस५० ची फोकल लेंथ २५० च आहे पण सेन्सर चिमुकला, त्यामुळे चौकट जेमतेम १.३ × ०.७ अंश. अख्खी देवयानी हवी तर तुकडे जोडत बसायचं. आणि आयपीस लावायची सोयच नाही, तुम्हाला तर डोळ्याने पण बघायचंय.

फ्लॅटनरवाली

मी ७२ ईडी वापरते, तीन वर्षं झाली. दुर्बिणीबद्दल कोणीही सांगेल, मी मागच्या बाजूबद्दल सांगते कारण सगळं घोडं तिथे अडतं.

छोट्या फोकल लेंथच्या दोन भिंगी दुर्बिणीची प्रतिमा सपाट नसते, वाटीसारखी वळलेली असते, आणि सेन्सर असतो सपाट. मधले तारे टाचणीच्या टोकासारखे आणि कोपऱ्यातले पंख पसरलेल्या पक्ष्यांसारखे. माझ्या पहिल्या रात्रीच्या सगळ्या फोटोंत हे पक्षी होते, कृत्तिका मधोमध सुंदर आल्या होत्या आणि चारी कोपरे वाया. मग फ्लॅटनर घेतला, तरी पक्षी गेले नाहीत! कारण फ्लॅटनरपासून सेन्सरचं अंतर अचूक लागतं, बहुतेकांना ५५ मिमी. कॅमेऱ्याच्या माउंटपासून सेन्सर ४४ मिमी आत असेल तर टी-रिंग (कॅमेरा जोडायची कडी) ११ मिमीची, झाले ५५. माझी रिंग मोजली तर जवळजवळ एक मिमी कमी भरली. एका मिमीने इतका फरक पडेल असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. पातळ चकत्या टाकून अंतर पूर्ण केलं आणि त्या रात्री कोपऱ्यातला तारा झूम करून बघितला तो गोल, अगदी गोल.

ओळखायची खूण: कोपऱ्यातले तारे मध्यापासून बाहेरच्या दिशेला ताणलेले दिसले तर सहसा सेन्सर फार जवळ आहे, अंतर वाढवा. मध्याभोवती गोल फिरल्यासारखे दिसले तर फार लांब आहे, कमी करा. आणि मध्ये फिल्टर घातला तर त्याच्या जाडीच्या एक तृतीयांशाएवढं अंतर वाढवावं लागतं, म्हणजे २ मिमी काचेला पाऊण मिमीच्या आसपास. हे विसरलं की परत पक्षी.

पेट्झवालमध्ये मागचा भिंगांचा गट आतच बसवलेला असतो म्हणून ही मोजामोजी टळते, हा मोठा फायदा. (नाव जोझेफ पेट्झवालवरून, त्याने १८४० मध्ये पोर्ट्रेट फोटोंसाठी भिंग बनवलं होतं, आजच्या दुर्बिणी त्या घराण्यातल्या.) पण त्या मुळात कॅमेऱ्यासाठी केलेल्या, डायगोनल (आयपीसकडे प्रकाश वळवणारा आरसा) लावायला काही मॉडेल्सना वेगळा ॲडॉप्टर लागतो. तुमचा निम्मा जीव डोळ्याने बघण्यात असेल तर मी ती घेणार नाही.

फोकसर मात्र नीट तपासून घ्या. दुर्बीण सरळ वर धरून कॅमेरा लटकवा, फोकस करा, स्क्रू आवळा आणि दहा मिनिटांनी बघा. घसरला असेल तर ती दुर्बीण कितीही चांगल्या काचेची असू दे, नको.

ऐंशीपंथी

कॅमेऱ्याची बाजू वर आलीच आहे, मी डोळ्याच्या बाजूने बोलतो. ८० मिमी एफ/५ ॲक्रोमॅट (साध्या काचेची दोन भिंगी दुर्बीण) कोणी नावसुद्धा घेत नाही हल्ली. ठळक ताऱ्याभोवती जांभळं वलय येतं हे खरंय, व्याधाकडे वळवली की ठसठशीत दिसतं, आणि फोटोत निळे तारे फुगतात. पण १५-२० पट वर आकाशगंगेत फिरताना ते वलय आठवतही नाही, आणि ६० पेक्षा प्रकाश पावणेदोन पट जास्त गोळा होतो! धनू राशीत एम ८ चा तेजोमेघ, त्याच्या वर दीड अंशावर एम २० आणि शेजारी एम २१ चा गुच्छ, तिन्ही एकाच वेळी नजरेत, आणि नळी हळूहळू सरकवत नेली की एक विषय संपायच्या आत दुसरा कडेने आत येतो. हे मी शेकडो वेळा केलंय तरी दरवेळी श्वास रोखला जातो.

आयपीस घेताना एक लक्षात ठेवा, आयपीसची फोकल लेंथ भागिले दुर्बिणीचा एफ आकडा म्हणजे डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी. एफ/६ ला २४ मिमीचा ६८ अंशी आयपीस लावला तर ४ मिमीचा झोत, १५ पट, आणि सव्वा इंचीत मिळेल तेवढं सगळं आकाश, यापेक्षा सुटसुटीत काही नाही. ४० मिमीचा लावला तर झोत पावणेसात होतो, वयाबरोबर बुबुळ तेवढं उघडत नाही, बाकीचा प्रकाश बाहेरच वाया, वर आकाशही राखाडी दिसतं.

रात्रीचा वाटसरू

@ऐंशीपंथी, डोळ्यासाठी शंभर टक्के मान्य. पण त्यांना कॅमेरा पण आहे आणि फुगलेले निळे तारे नंतर पुसत बसणं जिवावर येतं, म्हणून मी ईडीच म्हणेन.

ध्रुवावर नजर

सगळे दुर्बिणीवर बोलताय आणि मूळ प्रश्नातलं महत्त्वाचं वाक्य राहिलंच: "ट्रॅकर नाही". आकाश सेकंदाला १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतं (खगोलीय विषुववृत्ताजवळ). ३६० फोकल लेंथ आणि ४ मायक्रॉनचा पिक्सेल धरला तर एक पिक्सेल म्हणजे सुमारे २.३ विकला, म्हणजे एका सेकंदात तारा सहा पिक्सेल पळाला. साध्या ट्रायपॉडवर या दुर्बिणीने एका सेकंदाचा फोटो पण धड येणार नाही. त्यामुळे आधी ट्रॅकर, मग दुर्बीण, हा क्रम बदलू नका.

ट्रॅकरवर पाच किलो लिहिलेलं असलं तरी फोटोसाठी मी तीनच्या वर जात नाही. माझी ७२ रिंगा, फ्लॅटनर, कॅमेरा, गाइड कॅमेरा (ट्रॅकरची चूक सुधारणारा) असं सगळं लावून काट्यावर ठेवली तर साडेतीनच्या वर भरली, वाऱ्याची झुळूक आली की तारे लांबट. मित्राच्या ६० वर तोच ट्रॅकर शांत चालतो. चालत जाणाऱ्या माणसाला काउंटरवेट पण पाठीवर वाहायचंय, तेव्हा ६०.

आणि दुर्बीण येईपर्यंत कॅमेऱ्याला १३५ मिमीची लेन्स मिळाली तर ती ट्रॅकरवर लावून शिका. १० × ६.६ अंशांची चौकट, थोडी चूक पोटात घेते. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्तच सरकलेला आहे, ट्रॅकर नुसता त्याच्यावर रोखला की काम झालं असं नसतं, पोलर स्कोपमधल्या (ट्रॅकरमधली ध्रुव रोखायची छोटी दुर्बीण) वर्तुळावर तो वेळेप्रमाणे बरोबर जागी बसवायचा. हे अंधारात, गार बोटांनी पाच मिनिटांत जमायला लागलं की पुढचं सगळं सोपं.

कृत्तिकावेडा

मंडळी, मनापासून आभार. काल रात्री स्टेलॅरियममध्ये सगळ्या चौकटी टाकून बसलो. ४२० ला देवयानी आडवी ठेवली तर दोन्ही टोकं कडेला चिकटतात, ३६० ला दोन्ही बाजूंनी थोडा काळोख उरतो, आणि मला तोच काळोख हवा होता. मृगातला बाण खालच्या तेजोमेघासकट चौकट उभी केली तरी ३६० मध्ये मावत नाही, २५० मध्ये अगदी घासून बसतो, पण तो मी दोन फोटो जोडून करेन.

तर ठरलं. आधी ट्रॅकर, मग ६० एफ/६ ईडी, फ्लॅटनर आणि २४ मिमीचा आयपीस. एकच शंका, एकाच रात्री आधी डोळ्याने बघून मग कॅमेरा लावता येईल का, की सारखी अदलाबदल करणं चूक?

फ्लॅटनरवाली

येतं की, पण क्रम उलटा ठेवा. फ्लॅटनर काढून डायगोनल लावला की फोकस जातो आणि हात लागून ट्रॅकर पण हलतो. म्हणून आधी कॅमेरा लावून फोटो चालू करून द्या आणि ते दोन तास तुमच्या १०×५० ने आकाश बघा. फोटो झाले की आयपीस. आणि दुर्बीण बाहेर काढल्यावर अर्धा तास तशीच ठेवा, नळी गार होताना फोकस सरकतो, बाख्तिनोव्ह मास्क (फोकस तपासायची खाचांची झाकणी) लावून तासाभराने परत बघायचा. दव पडत असेल तर भिंगाभोवती हीटरची पट्टी पहिल्यापासून चालू, भिंग एकदा धुकटलं की पुसू नका, पट्टीनेच वाळू द्या.