अक्षरजुळणीसाठी लॅपटॉप: जुना डेस्कटॉप ठेवून घ्यावा की काढून टाकून?

मजकूर_वाई

नमस्कार. मी वाईत घरूनच पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मांडणी करते. बहुतेक कामं पुण्याच्या प्रकाशकांची, डेमी आकारातली. शिवाय शाळांची वार्षिकं आणि लग्नसराईत पत्रिका.

डेस्कटॉप २०१२चा आहे. दुसऱ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, ३२ बिटची विंडोज ७, पानं मांडायला पेजमेकर ७, डिझाइनला कोरल आणि मराठी फॉन्टसाठी श्रीलिपी. श्रीलिपीचं यूएसबी लॉक (ते लावल्याशिवाय ती चालत नाही) मागच्या पोर्टला कायमचं लावलेलं. मॉनिटर १९ इंची, चौकोनी, १२८०×१०२४चा.

मशीन बंद पडलेलं नाही. टाइप करताना अजूनही कुठे अडकत नाही. अडतं ते दुसरीकडे. क्रोम २०२३पासून विंडोज ७वर नवं होत नाही, त्यामुळे मेल आणि ड्राइव्हवरच्या फाइली आधी मोबाइलवर घेऊन मग केबलने आत घालते. लेखकांचा मजकूर आता युनिकोडमध्ये (मोबाइल-इंटरनेटवर चालतो त्या अक्षरसंकेतात) येतो आणि पेजमेकरला युनिकोड कळत नाही. प्रत्येक प्रकरण जुन्या फॉन्टमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढायचं, मग 'दुसऱ्या'चा 'दुसर्या' कुठे झालाय, रफार कुठल्या अक्षरावर जाऊन बसलाय, हे ओळीन् ओळ शोधायचं. तीनशे पानांच्या कादंबरीत हे काम मांडणीपेक्षा जास्त वेळ खातं, आणि एवढं करून एखादी चूक छापून गेलीच तर माझ्या जिवाला लागते.

शेवटच्या दुरुस्त्यांसाठी प्रकाशक पुण्याला बोलावतात. तिथे कागदावर खुणा घ्यायच्या आणि इथे येऊन घालायच्या. लेखक शेजारी बसलेले असताना ओळ तिथल्या तिथे बदलता आली तर प्रुफांची एक फेरी वाचेल.

म्हणून लॅपटॉप. बजेट ६०,०००. दुकानात गेलं की सगळे प्रोसेसरबद्दलच बोलतात, आय७ घ्या म्हणतात. मला खरी काळजी पडद्याची आणि कीबोर्डची आहे. दिवसभर अक्षरं बघायची आहेत. आणि जुन्या शेकडो फाइलींचं काय करायचं? पुस्तकांच्या दुसऱ्या-तिसऱ्या आवृत्त्या निघतात तेव्हा त्याच फाइली उघडाव्या लागतात. हे सगळं नव्या मशीनवर चालेल का, की डेस्कटॉप ठेवावाच लागेल?

सॅन_होजेकर

मॅकबुक एअर घ्या आणि निश्चिंत व्हा. पडदा उत्तम, बॅटरी दिवसभर, देवनागरी अक्षरं सुरेख दिसतात. थोडं बजेट वाढवावं लागेल.

छापखाना_कोल्हापूर

ताई, माझं आयुष्य डीटीपीत (कॉम्प्युटरवरच्या अक्षरजुळणीत) गेलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

मॅकचा पडदा चांगला असतो, वाद नाही. पण ताईंच्या कामाला तो जमणार नाही. आताच्या मॅकमध्ये ॲपलची स्वतःची चिप असते आणि पेजमेकर, श्रीलिपीचं लॉक, विंडोज ७ हे सगळं इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरसाठी बांधलेलं आहे. स्नॅपड्रॅगन चिपचे विंडोज लॅपटॉप दुकानात दिसतात, त्यांनाही हीच अडचण. जुन्या लॉकचा ड्रायव्हर तिथे चालणार नाही. इंटेल किंवा एएमडीचा रायझेन, याच्या बाहेर जाऊ नका.

आता मुख्य गोष्ट. डेस्कटॉप काढू नका. नवं काम लॅपटॉपवर, जुन्या फाइली जुन्या मशीनवर, अशी सरळ वाटणी करा. कारण असं. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते. ३२ बिटच्या विंडोजसाठी केलेला लॉकचा ड्रायव्हर तिथे चढत नाही, नवा ड्रायव्हर मिळाला तरच लॉक ओळखलं जाईल. काही जुन्या प्रोग्रामचे इन्स्टॉलर तर १६ बिटचे आहेत, ते ६४ बिटवर सुरूच होत नाहीत. आणि पेजमेकरच्या जागी आलेलं इनडिझाइन आता पेजमेकरच्या फाइली उघडत नाही, त्याच्या सीएस६ आवृत्तीपर्यंतच ती सोय होती. तेव्हा तुमच्या जुन्या आवृत्त्यांची किल्ली त्या डेस्कटॉपमध्येच आहे. त्याची इंटरनेटची वायर काढा, हार्डडिस्कच्या जागी २४० जीबीची साधी साटा एसएसडी बसवा, बोर्डवरचा घड्याळाचा सीआर२०३२ सेल बदला. एवढ्या खर्चात ते मशीन तुमची जुनी पुस्तकं सांभाळत राहील.

पडद्याबद्दल तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. आपल्या धंद्यात पडद्याची उंची बघायची, रुंदी नाही. डेमी पान साडेपाच बाय साडेआठ इंच. नेहमीच्या १५.६ इंची, १६:९ (रुंदी:उंची) लॅपटॉपची उंची साडेसात इंचांच्या जरा वर असते, म्हणजे पान खऱ्या मापात पूर्ण दिसतच नाही. १६ इंची, १६:१० पडद्याची उंची जवळजवळ साडेआठ इंच. मेनूपट्टी लपवली की डेमी पान खऱ्या मापाच्या अगदी जवळ दिसतं. रिझोल्यूशन १९२०×१२००, म्हणजे नेहमीच्या पडद्यापेक्षा पिक्सेलच्या १२० ओळी जास्त. आणि तुमचा १९ इंची चौकोनी मॉनिटर? त्याची उंची पावणेबारा इंचांच्या वर भरते. अख्खं ए४ त्यात मावतं. तो कोणाला भंगारात देऊ नका, लॅपटॉपला जोडा.

रंगाचंही बघा. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीत '४५ टक्के एनटीएससी' असं लिहिलेलं असतं, म्हणजे पडदा रंग कमी दाखवतो. त्यावर पत्रिकेचा कुंकवाचा लाल विटकरी दिसतो आणि छापून आल्यावर गिऱ्हाईक भांडतं. '१०० टक्के एसआरजीबी' लिहिलेला घ्या. आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग न बदलणारा) पडदा हवाच, ब्राइटनेस ३०० निटपेक्षा (निट म्हणजे उजेडाचं माप) कमी नको.

कीबोर्डला वेगळा नंबरपॅड आहे ना, तेही बघा. जुन्या फॉन्टमधली कित्येक जोडाक्षरं आपण ऑल्ट दाबून नंबरपॅडवर आकडे मारून काढतो. वरच्या ओळीतल्या आकड्यांनी ते होत नाही. १४ इंची लॅपटॉपला बहुतेक नंबरपॅड नसतोच. १६ इंचीत बऱ्याच मॉडेलना असतो, पण सगळ्यांना नाही.

घाटावरचा_मेकॅनिक

वरचं सगळं बरोबर. मी कॉम्प्युटर दुरुस्तीत आहे, प्रोसेसर आणि रॅमबद्दल भर घालतो.

आय७ची गरज नाही. पण नावाला फसू नका, विशेषतः रायझेनच्या. रायझेन ५ ७५२०यू आणि रायझेन ५ ७५३०यू ही नावं शेजारशेजारची वाटतात. पहिल्यात चार कोअर आणि जुना झेन २ गाभा (आतली रचना), दुसऱ्यात सहा कोअर आणि झेन ३. त्या मालिकेत तिसरा आकडा गाभा सांगतो, तो वाचायचा. इंटेलमध्ये तेराव्या पिढीचा आय५ तुम्हाला पुरून उरेल.

रॅम १६ जीबी. ती बोर्डवर चिकटवलेली आहे की स्लॉटमध्ये आहे हे दुकानदाराला स्पष्ट विचारा. बऱ्याच पातळ मॉडेलांत सगळी चिकटवलेली असते. मग ८ घेतली तर कायमची ८च. एसएसडी ५१२ जीबी पुरे.

सेकंडहँड बिझनेस लॅपटॉप घ्यायचा विचार असेल (थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक, कीबोर्ड फार छान असतात) तर एक अट पाळा: इंटेल आठव्या पिढीच्या खालचा नको. विंडोज ११ला आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. सातव्या पिढीचे लॅपटॉप आता फार स्वस्त विकायला काढतायत ते त्याच कारणाने.

आणखी एक. डेस्कटॉप कधीतरी बसणारच. तो चालू आहे तोवरच त्याची नक्कल करून ठेवा. मायक्रोसॉफ्टचं डिस्क२व्हीएचडी नावाचं छोटं मोफत साधन आहे, ते अख्ख्या डिस्कची एक फाइल बनवतं. ती लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम) उघडायची. लॉक यूएसबीचं असल्याने ते व्हर्च्युअलबॉक्सकडे सोपवता येतं. विंडोज कदाचित पुन्हा ॲक्टिव्हेशन मागेल आणि प्रत्येक लॉक तिथे चालेलच असं नाही, म्हणून घाईच्या कामाच्या आधी निवांत करून बघा. प्रिंटर पोर्टला लावायची जुनी लॉकं असतात त्यांना हा मार्ग नाही.

मजकूर_वाई

छापखाना दादा, मेकॅनिक दादा, मनापासून आभार.

काल साताऱ्याला जाऊन आले. आधीच्या एका पुस्तकाचं छापील डेमी पान पर्समध्ये नेलं होतं. प्रत्येक लॅपटॉपवर त्याच पानाची पीडीएफ शंभर टक्क्यांवर उघडायला लावली आणि कागद शेजारी धरला. १५.६ इंचीवर खालच्या चार-पाच ओळी पडद्याबाहेर. १६ इंचीवर पान बसलं. दुकानातल्या मुलालाही ते पटलं, त्याने स्वतःहून आणखी दोन मॉडेलं काढून दाखवली. पत्रिकेचा लाल रंगही तसाच ताडून पाहिला. ४५ टक्केवाल्या पडद्यावर तो इतका मळका दिसत होता की वेगळं सांगायची गरजच पडली नाही.

आता १६ इंची, १६:१०, रायझेन ५ ७५३०यू, १६ जीबी, नंबरपॅडसह असा एक ठरवत आलेय. बजेटमध्ये बसतो.

दोन शंका उरल्या. नवं काम युनिकोडमध्ये न्यायचं तर टायपिंगचं काय? माझी बोटं टाइपरायटरच्या मांडणीवर बसलेली आहेत. आणि जुन्या पुस्तकांच्या सीड्या डबाभर आहेत, लॅपटॉपला ड्राइव्ह नाही.

छापखाना_कोल्हापूर

कागद शेजारी धरून बघणं, व्वा. माप असंच घ्यायचं.

टायपिंगचं सांगतो. विंडोजमध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक या दोन मांडण्या आयत्या मिळतात. माझा आग्रह इनस्क्रिप्टचा. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, त्यामुळे हात आळीपाळीने चालतात आणि वेग चांगला येतो. सुरुवातीला चिडचिड होईल. रोज एखादं पान इनस्क्रिप्टवर टाइप करा, घाईचं काम जुन्या मांडणीवरच ठेवा. ती मांडणी सोडवतच नसेल तर मायक्रोसॉफ्टचं कीबोर्ड लेआउट क्रिएटर मोफत आहे, त्यात आपल्याला हवी ती कळ हव्या त्या अक्षराला लावता येते.

मांडणीसाठी इनडिझाइनचं भाडं परवडत नसेल तर आधी स्क्रायबस बघा. मोफत आहे आणि १.६ आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरं नीट जुळतात. इनडिझाइन घेतलंत तर परिच्छेदाला 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' लावायला विसरू नका, नाहीतर वेलांट्या भलतीकडे जातात. फॉन्टसाठी मुक्त परवान्यातला मुक्ता आहे, मुंबईच्या एक टाइपने केलेला. शीर्षकं, पत्रिका यांना छान दिसतो. कादंबरीच्या मजकुराला मी तो वापरणार नाही, तिथे जाड-बारीक रेषेचा फॉन्टच डोळ्यांना सोसतो.

सीड्यांसाठी बाहेरून लावायचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह मिळतो, पण तुमच्या डेस्कटॉपला ड्राइव्ह असेलच. तिथेच सीड्या वाचून दोन वेगळ्या डिस्कवर उतरवा. सर्वांत जुन्या आधी. घरी लिहिलेल्या सीडीचा थर काळाने खराब होतो आणि मग काही फाइली वाचल्या जात नाहीत. ज्या पुस्तकांची पुढची आवृत्ती यायची शक्यता आहे त्यांची फॉन्ट आत घेतलेली पीडीएफही आत्ताच काढून ठेवा.

घाटावरचा_मेकॅनिक

मॉनिटरचं राहिलंच. तुमच्या १९ इंचीला मागे फक्त निळा व्हीजीए पोर्ट (मॉनिटरची जुनी जोडणी) असेल तर एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर लागेल. दोन्ही टोकांना नुसते प्लग असलेली साधी केबल घेऊ नका. एचडीएमआय डिजिटल, व्हीजीए ॲनालॉग, त्यामुळे मध्ये चिप असलेला कन्व्हर्टरच चालतो. जोडल्यावर डिस्प्ले सेटिंगमध्ये त्या मॉनिटरला १२८०×१०२४ आणि स्केल १०० टक्के ठेवा, नाहीतर अक्षरं पुसट दिसतील. डेस्कटॉपची व्हीजीए केबल काढू नका, तोच मॉनिटर दोघांना वापरायचा तर छोटा व्हीजीए स्विच मिळतो, बटण दाबून मशीन बदलता येतं.